कोरडी बेंबी
"पू नाही, याचीच मला भीती वाटते," रक्त तपासणाऱ्या ताई एकदा एका बाळाबद्दल म्हणाल्या होत्या.

त्या महिन्याच्या बाळाची नाळ अजून गळली नव्हती. बेंबी लालभडक, पण कोरडी. डॉक्टर घरी सोडायचा कागद लिहीत होते, तेवढ्यात ताई रक्ताचा अहवाल घेऊन आल्या.

"पांढऱ्या पेशी एवढ्या? ताई, तुमचं मशीन बिघडलंय."

"म्हणून हातानं मोजल्या, दोनदा. पेशी ढीगभर आहेत, पण रक्तवाहिनीला चिकटवणारे रेणूच त्यांच्यावर नसावेत. चिकटल्याशिवाय त्या जखमेत उतरून पू करणार कशा? नुसत्या वाहत राहतात."

दुपट्याची घडी घालणारी आई थांबली.

डॉक्टरांनी बेंबीची कड दाबली. बाळ कळवळलं, ओल आली नाही. त्यांनी कागद फाडला. "मोठ्या तपासणीला रक्त पाठवा."

ताई रक्ताची नळी मुठीत धरून बाहेर पडल्या.