सोयरात उतरलेली साखर

बायकोने मीटरवरचा आकडा वाचून दाखवला आणि मी ओरडलोच, "हे यंत्र खोटं बोलतंय!"

नाश्त्याला बायकोने काय दिलं होतं? मुगाची दोन धिरडी, एक उकडलेलं अंडं, बिनसाखरेचा चहा. पोहे बंद, तांदळाची भाकरी बंद. तरी दोन तासांनी साखर ही एवढी! डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर ताब्यात आल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही. समोरचा माणूस मला आवाजावरून ओळखावा लागे. आणि तिकडे खारघरला सुनेला नववा महिना. नातवंडाचं तोंड धड दिसणार की नाही, या धास्तीने माझी झोप उडाली होती.

"अहो, खरं सांगा," बायको म्हणाली, "फिरायला म्हणून जाता आणि कोपऱ्यावर वडा हाणता ना?"

"देवाशप्पथ नाही!" मी देव्हाऱ्याकडे हात केला.

विश्वास कोण ठेवतो! दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर तळ्याला फेऱ्या मारू लागली. साठी उलटलेल्या माणसावर पहारा!

मग नात झाली. दहा दिवस सोयर, पूजा बंद. पेढ्याला मी हातही लावला नाही. आणि साखर धाडकन उतरली! तेच धिरडं, तीच गोळी. सगळे म्हणाले, "लक्ष्मीच्या पावलांनी आली हो." मी नाचायचाच बाकी होतो.

सोयर फिटलं. आंघोळ करून पूजेला बसलो, मग नाश्ता, आणि आकडा पुन्हा वर. मी हबकलोच. बायको मात्र देव्हाऱ्यापुढची नैवेद्याची वाटी उचलून बघत होती. वाटी रिकामी.

"यातलं दूध कोण पितं?"

"मीच. प्रसाद टाकायचा का?"

"आणि साखर?"

"देवाला काय फिकं दूध दाखवू? चांगली तीन चमचे घालतो."

तिने कपाळावर हात मारला. "अहो, रोज उपाशी पोटी? पूजा बंद होती तेव्हाच उतरली ती!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी खोटं बोललो नव्हतो हो! प्रसाद म्हणजे खाणं, हे जन्मात कधी मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून देवापुढे चार बदाम. देवाची काही तक्रार नाही. साखर ताब्यात आली आणि ऑपरेशन झालं.

पट्टी सुटली त्या दिवशी नात घरी आली होती, बायकोच्या मांडीवर. नाकीडोळी नीटस पोर! डोळे भरून पाहिली. मग नजर वर गेली आणि मला धक्काच बसला. केस पांढरेफटक, गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं.

"अगं, हे काय झालंय तुझं? तू सकाळी काही खातेस की नाही?"

"तुमचं बोट टोचून आकडा बघेपर्यंत," ती म्हणाली, "माझ्या घशाखाली काय उतरतंय!"