खोक्यांच्या लाकडाचे पलंग

माझे वडील बारामतीत सुतारकाम करायचे. नव्वदच्या दशकात तिथं नवे कारखाने उभे राहत होते. परदेशी यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या वडील आणायचे आणि लग्नात द्यायचे पलंग बनवायचे. माझ्या लग्नात तसलाच पलंग कळस गावी, माझ्या सासरी आला. "बाहेरदेशचं लाकूड हाय," असं वडील मांडवात सगळ्यांना सांगत सुटले होते. मलाही केवढा तोरा!

पुढं दोन-तीन वर्षांनी कीड तपासणारे साहेब जीपमधून आले. नवी वाळवी पसरतेय म्हणाले. ही मातीतून येत नाही, कोरड्या लाकडातच राहते, त्या लाकडाबरोबर गावोगाव जाते आणि खाली खसखशीसारखे दाणे टाकते. मी ठसक्यात म्हटलं, "आमच्यात असलं काय न्हाय." साहेबांनी पलंगाच्या पायात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "दाणे पडत्यात की कवापास्नं. ही उठायच्या आधी मी झाडून घ्यायची. माहेरच्या वस्तूला नाव ठिवलं तर पोरीला लागतं." अगं आई गं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वडिलांचे पलंग कुणाकुणाकडं गेले ते मला तोंडपाठ, कारण त्या प्रत्येक लग्नात आम्ही जेवलो होतो. म्हणून साहेबांनी मलाच जीपमध्ये घेतलं. वरकुटे गावात पहिल्याच घरी "सुतारतात्यांची लेक आली" म्हणून आधी चहा, मग ओटी. पदरात नारळ घेऊन मी उभी, आणि साहेब सांगतायत, पलंग बाहेर काढा, जाळावा लागेल. पुढच्या घरांतही तेच. दाणे सगळ्यांनी पाहिले होते, बोललं कुणी नव्हतं. मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता. भिडेपायी घर पोखरून घेतं का कुणी?

बावडा गावातल्या एका घरात तर वाळवी पलंगातून छपराच्या वाशांत पोचली होती. छप्परच उतरवावं लागणार होतं. घरातले म्हातारे आबा बराच वेळ वर बघत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्याला सांगू नगंस बाय. मनाला लावून घील." शरमेनं माझी मान वर होईना.

संध्याकाळी मी बारामतीला गेले. लपवून उपयोग नव्हता, साहेब वडिलांचं दुकान बघायला येणारच होते. मी सगळं सांगून टाकलं. वडिलांचा चालता रंधा थांबला.

"माझ्याकडं एक माणूस कसा आला न्हाय?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

त्यांनी रंधा खाली ठेवला.

"आगं, येऊन चार शिव्या तरी घालायच्या," ते म्हणाले. "त्या आबाचं छप्पर तरी वाचलं असतं."