गुरुवारी मारलेलं पाणी

राख चाळणाऱ्या काकूंमुळे मी आज चाकणला टिकून आहे, हे आधी लिहितो. झालं काय ते मागाहून.

आमच्या शेडमध्ये सिमेंटशिवाय ब्लॉक बनतात. साखर कारखान्यातून उसाच्या चिपाडाची जळकी राख येते, काकू ती चाळतात, आम्ही केमिकलचं पाणी कालवून साच्यात दाबतो. मग प्लॅस्टिक झाकून ठेवायचं. मी आठवीत शाळा सोडलेला, हिंगोलीकडचा. गावी गवंडी वडिलांच्या हाताखाली नव्या भिंतींवर पाणी मारायचो. एक वेळ चुकली की वडील म्हणायचे, भिंत तहानेली ठेवलीस.

गुरुवारी सुट्टी. खोलीवरचे दोघं खेड तालुक्यातलेच, बुधवारी संध्याकाळीच घरी पळायचे. मी कपडे धुवायचो, भात लावायचो, फोन हातात घेऊन परत ठेवायचो. माझ्या आवाजावरून आईला सगळं कळतं, म्हणून लावायचो नाही.

एका गुरुवारी करमेना म्हणून शेडवर गेलो. वॉचमनने ओळखीने सोडलं. आदल्या दिवशीचे ब्लॉक प्लॅस्टिकखाली होते, कुणी थेंबभर पाणी मारलेलं नाही. मला त्यांची कीव आली. खरं सांगायचं तर, कुणालातरी माझी गरज आहे असं वाटून बरं वाटलं. प्लॅस्टिक काढलं, पाइप जोडला आणि दुपारभर मन लावून पाणी मारलं.

शुक्रवारी ब्लॉकांवर पांढरं फुटलेलं. उचलायला गेलं की कोपरे हातात यायचे. केमिकल पक्कं धरायच्या आतच मी ते धुऊन काढलं होतं. साहेब विचारत फिरू लागले. मला महिनाभर काम बघू या बोलीवर ठेवलेलं, तीनच आठवडे झालेले. काम गेलं तर खोली जाणार, आणि गावी काय तोंड दाखवायचं? काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "जा, तूच सांग. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर वंगाळ."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "लेकरांना आंघोळ घातलीस होय रे?" सगळे हसले. मग हसू संपलं, साहेब तुटलेले कोपरे उचलून बघू लागले. तेव्हा काकू चाळण खाली ठेवून पुढे आल्या.

"नव्या माणसाला सांगायचं काम माझं हाय, साहेब. म्याच सांगितलं न्हाई."

या ब्लॉकांना पाणी मारायचं नाही, हे त्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, मिक्सरच्या आवाजात. मी नुसती मान हलवली होती.

साहेबांनी ब्लॉक फोडून आवारातल्या खड्ड्यांत भरायला लावले. दिवसभर घण मारला, पण कामावरून काढलं नाही. सुटताना मी काकूंपाशी गेलो, त्यांची चाळण झटकून जागेवर ठेवली. त्या म्हणाल्या, "गुरुवारी जेवाय येत जा घरी. ब्लॉकापाशी काय बसतूस?"

गेलो. त्यांच्या न्हाणीला गंजक्या पत्र्याचा आडोसा आहे, वाऱ्याने वाजतो. त्या आत असल्या की नात बाहेर पत्रा धरून उभी राहते. जेवायला बसलो तिथून तो समोरच दिसत होता, म्हणून मी मान वर केली नाही.

काकू, अजून मला साचाही नीट भरता येत नाही. पण एक दिवस त्या पत्र्याच्या जागी आपल्याच ब्लॉकांची भिंत मी स्वतःच्या हाताने उभी करीन. आणि पाइपला हात लावणार नाही.