जहाजावरचे कंडक्टर

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत असं एकही बाक नसेल, ज्याच्याखाली आमच्या कंडक्टरांनी वाकून पाहिलेलं नाही. स्टँडावरचं बाक असो, दवाखान्यातलं असो की मंगल कार्यालयातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असोत, हा मनुष्य आधी कमरेत वाकणार, खाली डावीउजवीकडे नजर फिरवणार आणि मग "हां, बसा" म्हणून जगाला बसायची परवानगी देणार. एस.टी.तून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली, पण ती बातमी त्यांच्या कमरेपर्यंत अजून पोचलेली नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात निकाह लागून लोक गळाभेटी घेत होते, तेव्हा मुलीचा बाप खुर्च्यांच्या रांगांतून ओणवा फिरत होता. एक कवळी, दोन चष्मे आणि एक गाढ झोपलेलं पोर एवढा ऐवज त्यांनी त्या दिवशी ज्याचा त्याच्या स्वाधीन केला. मुलगी सासरी निघाली तेव्हा मात्र रडायच्या आधी त्यांनी गाडीतली माणसं मोजली आणि दारावर दोन थापा मारल्या. थाप मारल्याशिवाय कोणतंही वाहन हलू शकतं यावर त्यांचा विश्वास नाही.

मी वेल्ह्याच्या शाळेत सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. विषय कोणता ते आत्ताच सांगून टाकतो, पुढे सांगायची लाज वाटेल. भोरहून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जाणारी सकाळची गाडी त्यांची, आणि त्या गाडीतली तिसरी खिडकी माझी. ती माझी कशी, तर गाडी फलाटाला लागायच्या आधीच कंडक्टर त्या सीटवर आपला निळ्या चौकटीचा रुमाल टाकून ठेवत. एकदा नसरापूरच्या बाजारच्या दिवशी एका पैलवानानं तो रुमाल उचलून बाजूला ठेवला. कंडक्टर म्हणजे अंगानं छत्रीची काडी. पण पुढे होऊन म्हणाले, "पैलवान, रुमाल माजा हाय, पन त्याच्यावर सर बसल्यात." मी अजून दारातच लोंबकळत होतो. पैलवानानं एकदा रिकाम्या सीटकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि खरोखरच कुणाचा तरी पाय चुकवल्यासारखं करून तो मागे सरकला.

पण कंडक्टरांचं नाव तालुक्यात झालं ते डब्याच्या प्रकरणानं. वेल्ह्याच्या स्टँडावर गाडी रिकामी झाली आणि सीटखाली एक स्टीलचा डबा सापडला. दुसऱ्या कोणी तो उचलून आधी नाकाला लावला असता. कंडक्टरांनी गाडीपासून पन्नास पावलं मोजून चुन्याची रेघ ओढली, चहावाल्याची शेगडी विझवायला लावली आणि पोलीस पाटलांना निरोप धाडला. दोन तास सगळं गाव रेघेच्या अलीकडे उभं होतं. मधल्या सुट्टीत डबा शोधत मी स्टँडावर आलो, गर्दीत घुसलो आणि पाहतो तर काय, अख्खं वेल्हं श्वास रोखून ज्याच्याकडे बघत होतं त्यात आमच्या मंडळींनी दिलेली मेथीची भाजी होती. मी ओरडलो, "अहो, तो माझा डबा आहे! सोडा त्याला!" लोक पोट धरून हसले, मीही हसलो. कंडक्टर हसले नाहीत. डबा दोन्ही हातांनी आणून देत म्हणाले, "तुमी वळख पटवली म्हून सुटला, सर. न्हाईतर कुनाचं काय धरावं?"

तर असा हा माणूस आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याबरोबर जहाजाच्या सहलीला निघाला. मुंबईहून गोव्याला आणि परत, असा बेत एका प्रवास कंपनीच्या तरुणानं आमच्या गळ्यात घातला होता. जहाज म्हटल्यावर कट्ट्यावर जेवणाच्या आधी अतिरेक्यांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, समुद्रात कशाला कोण मरायला येतंय, तिथं काय रस्ता आहे? दुसऱ्यानं लगेच ऐकवलं, मुंबईत आले ते काय नसरापूरवरून आले होते? तिसऱ्याचं मत पडलं की मरायचंच असेल तर जेवण तिकिटात धरलेलं असताना मरावं. मी मात्र गंभीर होतो. मी त्या तरुणाला एकूण सतरा प्रश्न विचारले. सगळ्यांची तपासणी होते का? होते. कसून? कसून. बॅगा उघडतात? उघडतात. शेवटी मी विचारलं, "आमच्यासारख्या वयस्कर, सभ्य माणसांच्याही?" तेव्हा तो पोरगा हसला. कंडक्टर इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "सर, भ्यायचं कशापायी? आदी दारं बगायची, मानसं मोजायची, शिटांखाली वाकायचं. मग झोपा की निवांत."

"अहो, हे जहाज आहे."

"म्हंजे मोठी गाडीच की."

बंदरावर तपासणीच्या रांगेत मला आपल्या लोकांचा स्वभाव फार जवळून पाहायला मिळाला, आणि त्यातला सगळ्यात ठसठशीत नमुना मीच होतो. प्रत्येकाला वाटत होतं की पुढच्याची बॅग तळापर्यंत उपसावी आणि आपल्याला 'या काका, या' म्हणून सोडावं. माझ्या पिशवीतला अडकित्ता त्यांनी काढून ठेवला तेव्हा मी असा भडकलो की विचारू नका. साठ वर्षांचा जुना अडकित्ता, त्यानं मी काय जहाज पळवणार? माझ्यामागून कंडक्टर आले. त्यांनी आपण होऊन बॅग उघडली, लुंगी झटकून दाखवली, औषधाची डबी उघडून दाखवली, नमाजाची चटई उलगडून दाखवली. तो पहारेकरी "झालं, जा चाचा" म्हणतोय आणि हे त्याला बजावतायत, "तळाला एक कप्पा हाय, त्यो बी बगा. बगायचं म्हनल्यावर सगळं बगायचं." मग माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "पोरगं कामाला चोख हाय." मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता.

जहाजावर पाय ठेवल्यापासून कंडक्टरांना तरुणपण आलं. मंडळी स्विमिंग पूल बघत होती, तेव्हा हे दारं मोजत होते. खिशातल्या चतकोर वहीत त्यांनी कुठल्या मजल्यावर बाहेर पडायची किती दारं, कुठलं आत उघडतं, कुठलं बाहेर, हे सगळं पेन्सिलीनं टिपून घेतलं. जीवरक्षक जाकिटं कुठं असतात ते त्यांनी तीन नोकरांना विचारलं आणि तिघांची उत्तरं जुळतात का ते पाहिलं. वरच्या डेकवर चांगल्या जागेच्या दोन खुर्च्या हेरून त्यातल्या एकीवर निळ्या चौकटीचा रुमालही पडला. मी मात्र त्या खुर्चीवर फारसा बसलो नाही. पहिल्याच जेवणाला एका मोठ्या शहरातल्या जोडप्याशी माझी ओळख झाली होती. ती दोघं मला 'प्रोफेसर' म्हणत. सेवानिवृत्त शाळामास्तराला कोणी प्रोफेसर म्हटलं की त्याला समुद्रवाऱ्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाटकगृहासारख्या एका मोठ्या दालनात जादूचे प्रयोग होते. आमची भोरची मंडळी वर नाश्त्यावर तुटून पडली होती, म्हणून मी या जोडप्याबरोबर पुढच्या रांगेत जाऊन बसलो. खेळ सुरू व्हायला अवकाश होता. आणि आले की कंडक्टर! पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात वही. एका टोकापासून त्यांनी दोन बोटांनी माणसं मोजायला सुरुवात केली, ओठ हलत होते. मग रांगेरांगेतून वाकून सीटांखाली पाहू लागले, दारापाशी जाऊन वहीत काहीतरी लिहू लागले. मी हे दृश्य हजार वेळा पाहिलेलं. पण माझ्या शेजारच्या बाईंनी ते पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांचे यजमान माझ्या कानाशी लागून म्हणाले, "प्रोफेसर, तो माणूस बघा. लोक मोजतोय. दारांचं लिहून घेतोय." आणि मग, जरा आवाज खाली आणून, "वेश बघितलात?"

एवढंच म्हणायचं होतं, 'अहो, ते आमचे कंडक्टर. डोकी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.' एवढ्यावर ती दोघं हसली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. पण मी ते गिळलं. का गिळलं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. प्रोफेसराचा एक दाढीवाला कंडक्टर दोस्त असतो हे मला त्या बाईंना सांगायचं नव्हतं, हे एक. दुसरं त्याहून वाईट आहे. त्या गृहस्थांची भीती मला एका क्षणात लागली. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे मी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं आणि, देवा, मला वाटून गेलं की खरंच, कोणाचं काय सांगावं!

ते गृहस्थ उठून गेले आणि सुरक्षेच्या दोन माणसांना घेऊन आले. बरोबर एक अधिकारी होता, मराठीच होता आणि सौजन्यानं बोलत होता. त्यानं कंडक्टरांची वही पाहिली, त्यांना दोनचार प्रश्न विचारले आणि मग दालनाकडे वळून म्हणाला, "यांना कोणी ओळखतं का?"

कंडक्टरांनी हसतमुखानं माझ्याकडे बोट केलं. "त्ये काय, आमचं सर हायेत की."

सगळं दालन माझ्याकडे पाहू लागलं. मी उभा राहिलो. वर्गात फळ्यासमोर सव्वीस वर्षं उभा राहिलेला माणूस मी, पण पाहिलं ते कंडक्टरांकडे नाही, शेजारच्या बाईंकडे. मी म्हणालो, "आमच्या भागातले आहेत. म्हणजे... एकाच गाडीनं आलो. बाकी मला तसं फारसं काही माहीत नाही."

कंडक्टरांचं बोट अजून वरच होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं, वही अधिकाऱ्याच्या हातात नीट दिली आणि म्हणाले, "चला साहेब, कुटं यायचं?" जाताना सवयीनं दाराशी एकदा वळून त्यांनी आत नजर टाकली. मग जादूचा खेळ झाला. मी तो पुरा पाहिला. मी टाळ्याही वाजवल्या.

दोन तासांनी ते मला वरच्या डेकवर दिसले. शेजारच्या खुर्चीवर रुमाल तसाच होता. मला पाहून त्यांनी हात केला. "सर, लई भली मानसं. बसवलं, इचारलं, च्या बी दिला. पार भोरला फोन लावून खात्री केली. दोन दारांफुडं खुर्च्या रचून ठिवल्या व्हत्या, त्या म्या दावल्या, तर सायबानं तितल्या तितं हलवल्या. या, बसा. वारं झकास हाय." त्यांच्या बोलण्यात टोमण्याचा लवलेश नव्हता. असता तर मी बसलो असतो, भांडलो असतो, माफीही मागितली असती. मी डोकं दुखतंय म्हणालो आणि खोलीत जाऊन आरशाकडे पाठ करून बसलो.

परतीच्या बसमध्ये मी शेवटच्या सीटवर जाऊन अंग चोरून बसलो. तिसऱ्या खिडकीवर निळा रुमाल होता आणि मुंबईपासून ती जागा रिकामीच येत होती. वरव्याला चहासाठी गाडी थांबली. चार पावलांवर ते चहा पीत होते म्हणून मी कप घेऊन हॉटेलच्या मागच्या बाजूला गेलो आणि तिथेच रेंगाळलो. तेवढ्यात बसचं इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. घाई झालेला ड्रायव्हर म्हणत होता, "आता घर आलंय, कोन ऱ्हायला असंल तर यील वडापच्या जीपनं." आणि मग कंडक्टरांचा आवाज, तोच, भोर डेपोतला, "थांब. सत्तावीस झालं, एक कमी हाय. सर खाली हायेत. आमचं मानूस हाय त्ये, त्यास्नी घेतल्याबिगर गाडी हलायची न्हाई." पन्नास माणसांच्या दालनात मला जे जमलं नाही, ते त्यांनी वरव्याच्या रस्त्यावर एका ड्रायव्हरला इतक्या सहज सांगून टाकलं.

मी गाडीत चढलो. त्यांनी रुमाल उचलला. मी त्या खिडकीत बसलो, आणि गाडी कापूरहोळला वळेपर्यंत घसा खाकरत राहिलो. शेवटी म्हणालो, "कंडक्टर, त्या दिवशी त्या दालनात मी..."

"सर, ऱ्हाऊ द्या," ते बाहेर बघत म्हणाले. "तुमी भ्याला व्हता. म्या बगितलं न्हवं का तुमच्या तोंडाकडं. भ्यालेल्या पॅसिंजरला म्या जनमात कदी बोललो न्हाई." मग थोडं थांबून, जरा हळू, "बोट तेवडं उगा केलं म्या. तुमची आडचन झाली."

त्यांनी मला चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज सुखात असतो. ते अजून येतात, कट्ट्यावर बसायच्या आधी वाकतात, रुमालानं माझ्यासाठी जागा धरतात. परवा भोरच्या स्टँडावर ते बाकांखाली बघत होते. कोणी परगावचा माणूस त्यांच्याकडे जरा रोखून पाहू लागला, तसा मी ताडकन उठलो आणि गरज नसताना मोठ्यानं म्हणालो, "ते आमचे कंडक्टर आहेत! चाळीस वर्षं ओळखतो मी त्यांना!" तो माणूस दचकला, आजूबाजूचे लोक हसले. भोरच्या स्टँडावर हे कोणाला सांगावं लागत नाही, तिथे त्यांना कुत्रीसुद्धा ओळखतात. जिथे सांगायचं होतं तिथे मी गप्प राहिलो. मेथीच्या डब्याची ओळख पटवायला मात्र धावत गेलो होतो.