साडभाऊंचं बी. ए.

वऱ्हाडात आजवर जन्मलेल्या माणसांमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे माझे साडभाऊ, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. असती, तरी त्यांनी तिच्याबद्दल मला चार प्रश्न विचारून ती घालवलीच असती. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. सत्तरच्या दशकात जऊळक्याला पोस्टमास्तर होते. मी वाशीमला प्राथमिक शाळेत शिक्षक, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणायचे, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'मास्तर, मले एक सांगा' असं सुरू व्हायचं. ते 'एक' कधीच एक नसे. डॉक्टरांनी गुडघेदुखीवर गोळी दिली, तर "हे गोयी पोटात गेल्यावर गुडघ्याकडंच जायाचं आहे हे तिले कसं समजते?" असं विचारून त्यांनी दवाखान्यातली रांग अर्धा तास अडवून धरली होती. न्हाव्यापुढे बसले तर अर्धी दाढी झाल्यावर वस्तऱ्याच्या पोलादाची चौकशी सुरू होई आणि न्हावी हात थांबवून विचारात पडे. तशी अर्धी दाढी घेऊन ते एकदा पॅसेंजरचं टपाल घ्यायला स्टेशनवर गेलेलेही लोकांनी पाहिले आहेत.

आणि गंमत अशी, की पोस्टात आयुष्य घालवूनही पत्रावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. खिडकीवर कुणी कार्ड मागितलं की विचारायचे, "कोनाले लिहिता?" केनवडच्या भावाला, असं उत्तर आलं की "केनवड काय विलायत आहे? कायले लिहिता? जाऊन या नं! कागदाले उलटून विचारता येते काय?" एका शेतकऱ्याने भावाशी भांडायला म्हणून आंतरदेशीय मागितलं, तर त्याला त्यांनी ते विकलंच नाही. तो चिडून स्वतः केनवडला गेला, भावाकडे दोन दिवस पाहुणचार घेऊन आला आणि येताना साडभाऊंना वानोळा म्हणून वांगी घेऊन आला. टपाल खात्याने कोणत्याही गावात इतका कमी धंदा केला नसेल.

या माणसाला बेचाळिसाव्या वर्षी बी. ए. व्हायचं होतं. मूळचे ते आसेगावचे. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला आणि त्यांचे वडील, मजुरी करणारा माणूस, एवढंच म्हणू लागले की पोरगा शिकला पाहिजे. पोरगा घरातला पहिला मॅट्रिक झाला, कॉलेजात नाव घातलं, पंधरा दिवस वर्गात बसला आणि नोकरीचा हुकूम आला. मागे चार भावंडं होती. हुकूम नाकारायची सोय नव्हती. ते पंधरा दिवस साडभाऊ असे सांगत, जसा एखादा माणूस काश्मीर पाहून आल्याचं सांगतो.

आता एका वेळी दोन वाटा उघडल्या. दूरच्या एका विद्यापीठाने पत्राने बी. ए. करायची सोय केल्याचं माहितीपत्रक त्यांच्याच पोस्टात, त्यांच्याच नावाने आलं. आणि त्याच महिन्यात वाशीमच्या ऑफिसातला एक क्लार्क जऊळक्याला अदलाबदलीने यायला तयार झाला. म्हणजे सकाळी कॉलेजात बसायचं आणि दुपारी टपालाचं काम करायचं. त्या क्लार्कला महिन्याभरात उत्तर हवं होतं. मग साडभाऊ ओळीने तीन रविवार माझ्याकडे आले. पत्राने शिकावं तर घर सुटत नाही, बदली नको, वयाची लाज नाही. पण? "पण मास्तर, मले एक सांगा. कागदावर लिहून आलं अन् नाई समजलं, तर मी त्या पाकिटाले विचारू काय?" आणि वर्गात बसावं तर एक अडचण होतीच, ती त्यांना अडचण वाटत नव्हती. त्यांची मुलगी प्रमिला जऊळक्याहून रोज आगगाडीने ये-जा करत त्याच कॉलेजात, बी. ए.च्या पहिल्याच वर्षाला होती. "चांगलंच आहे की," ते म्हणाले, "पुस्तकं एकाच घरात राह्यतीन."

तिसऱ्या रविवारी मीच कंटाळून म्हणालो, आठ दिवस वर्गात बसून तर पाहा. हे मी बोललो ते केवळ त्यांना जेवायला उठवण्यासाठी. पण त्यांनी रजा टाकली आणि मला घेऊन प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य सज्जन होते. हसून म्हणाले, बसा आठवडाभर, मग ठरवा.

पहिल्या दिवशी पांढरा स्वच्छ सदरा, हातात छत्री, नवी वही असे साडभाऊ वर्गात शिरले, तर नवे प्राध्यापक आले असं समजून सगळी मुलं उभी राहिली. साडभाऊ दचकून मागे वळले, कोण आलं ते बघायला. मागे कोणीच नव्हतं. मग ते पहिल्या बाकावर बसले आणि मुलंही हळूहळू बसली. त्या दिवशी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिलं, मागणी वाढली की किंमत वाढते. साडभाऊ उठले. "सर, मले एक सांगा. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक वाढते, पन त्याच दिवशी मेथी सस्ती होते. ते कसं?" त्या मेथीतून प्राध्यापक बाहेर पडले तेव्हा तास संपला होता. दुसऱ्या दिवशी ज्वारी निघाली, तिसऱ्या दिवशी रेल्वेचं भाडं. मुलांची चंगळ झाली. अभ्यास पुढे सरकतच नव्हता. चौथ्या दिवशी विज्ञानाची मुलंसुद्धा मागच्या बाकांवर येऊन बसली. प्राध्यापक वर्गात शिरताना आधी पहिल्या बाकाकडे बघू लागले, आणि साडभाऊ संध्याकाळच्या गाडीने घरी जाताना इतके खुश असत, की स्टेशनमास्तरांनी म्हणे अक्काला विचारलं, "याइले बढती मिळाली काय?"

पाचव्या दिवशी सकाळी प्रमिला कॉलेजात न जाता आमच्या घरी आली. माझी शाळा दुपारची, म्हणून मी घरीच होतो. ती स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ डाळ निवडत बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, मी कॉलेज सोडून देतो."

"काहून वं? काय झालं?"

"पोट्टे मले नावानं नाई बोलवत. मी वर्गात गेली की एक जन उठते अन् म्हनते, सर, मले एक सांगा. सारे हासतात."

"मंग बापाले सांग नं तसं."

"कसं सांगू? बाबाचा मले राग नाई येत, मावशी. ते बी हासतात त्या पोट्ट्याइच्या संगं. त्याइले वाटते, वर्ग खुश आहे. हे त्याइलेच हासून राह्यले, हे त्याइले समजत नाई. अन् मले ते पाहवत नाई." एवढं बोलून ती सुपात रडायला लागली.

मी काही बोलावं म्हणून उठलो, तर दारात साडभाऊ. तास लवकर सुटला होता. एका पायातली वहाण काढलेली, दुसरी तशीच. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली, काढलेली वहाण पुन्हा पायात सरकवली, आवाज न करता फाटकापर्यंत गेले आणि तिथून मोठ्याने खाकरत पुन्हा आले. "भूक लागली बाप्पा! प्रमिला, तू इथं? बरं झालं. चाल, मले भाकर वाढ." जेवताना ते भाकरीबद्दलही काही बोलले नाहीत. माझ्या बायकोला वाटलं, ताप आला असावा.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन प्राचार्यांकडे गेले. म्हणाले, "सर, तुमचे उपकार आहेत. पन नोकरीतून जमत नाई. पत्रानंच करतो." प्राचार्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं. शेजारी बसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीही सांगितलं, पण ते सांगताना त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आठवड्यात पहिल्यांदाच चहा मागवला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "साडभाऊ, पोरांचं मनावर घेऊ नका. तुम्हाला कळलं नाही, ते—"

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं, मास्तर," ते म्हणाले. "हासू द्या की. त्याइचं हासू होत होतं, मले उत्तरं भेटून राह्यले होते. माहं काही जात नव्हतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "पोरीचं जाऊन राह्यलं होतं, ते नाई दिसलं. समोर बसलो नं. मांगं पाह्यलंच नाई."

त्यांनी बदली नाकारली. सुटकेचा श्वास किती जणांनी सोडला म्हणून सांगू! प्राध्यापकांनी तर सोडलाच. जऊळक्याच्या अक्काने सोडला, कारण तिला बिऱ्हाड हलवायचं नव्हतं. मी सोडला, कारण साडभाऊ वाशीमला आले असते तर तीन वर्षं आमच्याच ओसरीवर बसून राहिले असते. आणि प्रमिला, तिला तर बापाने एका शब्दाने काही कळू दिलं नाही. नोकरीतून जमलं नाही, हेच तिने खरं मानलं आणि सोमवारी मोकळ्या चेहऱ्याने वर्गात गेली.

पत्राचे धडे यायला लागले. पाकीट स्टेशनवरून थैलीतून पोस्टात येई, साडभाऊ स्वतः त्यावर शिक्का मारत, पण तिथे उघडत नसत. "सरकारी वेळेत खाजगी टपाल फोडू काय?" ते पाकीट पोस्टमनच्या हातात जाई, पोस्टमन सगळं गाव फिरून शेवटी त्यांच्या घरी टाके, आणि मग संध्याकाळी घरी येऊन साडभाऊ अक्काला विचारत, "काही टपाल आलं काय?" धडा दोनदा वाचून होई आणि न समजलेल्या जागांवर पेन्सिलीच्या खुणा करकरून कागद काळा पडे. त्या पाकिटाला विचारता येत नव्हतं, हे तर खरंच होतं.

मग एके दिवशी गाडीवरून आलेल्या प्रमिलाने ते काळे कागद पाहिले. म्हणाली, "हे आमाले आजच शिकवलं." आणि तिने शिकवलं. साडभाऊंनी विचारलं, तिला सांगता आलं नाही. तेव्हा तो प्रश्न तिने वहीत लिहून नेला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून विचारला. मुलं हसली. ती खाली बसली नाही. उत्तर मिळेपर्यंत उभीच राहिली. पुढे हे रोजचंच झालं. प्राध्यापक तिला विचारत, "हा प्रश्न तुझा की पोस्टमास्तरांचा?" पहिल्या वर्षी ती "बाबाचा" म्हणायची. शेवटच्या वर्षी "माझा" म्हणू लागली, आणि मुलं वह्या काढून तिच्या प्रश्नाचं उत्तर लिहून घेऊ लागली.

दोघंही एकाच उन्हाळ्यात पास झाली. ती दुसऱ्या वर्गात, ते तिसऱ्या. आपला निकाल बाजूला ठेवून त्यांनी स्टेशनवर तिचेच पेढे वाटले. पुढे ती एम. ए. होऊन दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवायला लागली. साडभाऊंनी बी. ए.चा काही उपयोग केला नाही. नुसतं दारावरच्या पाटीवर नावापुढे लिहिलं.

ते रिटायर झाल्यानंतरची गोष्ट. वाशीमला आले होते. आम्ही दोघं पिशव्या घेऊन भाजीला निघालो, वाटेत कॉलेज. खिडक्या उघड्या होत्या आणि आत कोणीतरी तरुण प्राध्यापक शिकवत होता. साडभाऊ कडुलिंबाखाली थांबले. मीही थांबलो. आतलं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, पण ते मान किंचित कलती करून ऐकत राहिले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. घंटा झाली. मुलं भडाभडा बाहेर पडली आणि आमच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली. त्यातला एक मुलगा थबकून अदबीने म्हणाला, "कोनाले भेटायचं आहे, बाबा?"

"कोनालेच नाई रे, बापू," साडभाऊ म्हणाले. "माहा तास झाला."

आणि पिशवी झटकून ते भाजीबाजाराकडे चालू लागले.