दंडावरचे पाच रुपये

हैदराबादच्या अफझलगंजात जुनी भांडी विकत घ्यायचा माझा धंदा. हातगाडीपासून सुरू केला, कुणी पै दिली नाही. समोरच्याचा भाव पाडणं एवढंच मी शिकलो. तरी गेल्या महिन्यात सुलतान बाजारातल्या एका नाणेवाल्याशी मी भाव वाढवून मिळावा म्हणून भांडत होतो, तेही पाच रुपयांच्या साध्या नाण्यासाठी.

ते माझ्या धाकट्या भावाच्या सामानातून आलं होतं. तो दुबईत वायरमन होता. तिथंच झोपेत गेला. शमशाबादच्या विमानतळावर आधी शवपेटी मिळाली, मग त्याची बॅग. बॅगेत, हिरव्या कापडाच्या पट्टीत शिवलेलं हे नाणं.

शेजारच्या मुसलमान खालानं मायला इमाम जामीन शिकवला होता. लांब निघालेल्याच्या दंडावर कापडात शिवलेलं नाणं बांधायचं. सुखरूप पोचला की त्यानं ते सोडून गरिबाला द्यायचं. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध, आमच्यात असलं काही नाही. पण लेक विमानात बसणार म्हटल्यावर माय कुणाचंही ऐकायला तयार होती.

ती त्याला बांधत होती तेव्हा मी म्हणालो, "मला नाही कधी बांधलंस."

"तू कुठं चाललास रं? अफझलगंजला?"

सगळे हसले. मला अजून हसू आलेलं नाही. वडिलांचं दुखणं, दवाखाना, शेवटचं सगळं मीच केलं. तो आला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणायचा, पुढच्या वर्षी येतो म्हणायचा. त्याला यायचंच नाही, हे मी मनात कधीच पक्कं करून टाकलं होतं.

आता मायला ते नाणं जवळ ठेवायचं होतं. पण ते दानाचं, आणि दिलेलं नव्हतं. तिनंच वाट काढली.

"याची खरी किंमत काढून आण. तेवढे पैसे वाटून टाकू. मग नाणं माझं."

"पाच रुपये, माय. त्यात काय काढायचं?"

"लेकाच्या दंडावरचं पाचाचं व्हय? भांड्याचा भाव करतूस, याचा होईना तुला?"

म्हणून मी कापड उसवून गेलो. नाणेवाल्यानं भिंग लावलं न लावलं आणि नाणं काचेवर सरकवलं.

"पाच रुपये."

"नीट बघा. फोनवर असली नाणी लाखाला जातात."

"हौ, तो फोनवाले कूच बेचो ना भाई. मेरे कू कायकू सताते?"

माझं डोकं तापलं. मी आवाज चढवला तसा त्यानंही चढवला. शेवटी त्यानं नाणं माझ्या नाकासमोर धरलं. "देखो. साल के नीचे तारा है. तारा बोले तो अपने हैदराबाद की टकसाल. घिसा हुआ है. ऐसे करोडों निकले. और साल भी पुराना नहीं." त्यानं साल वाचून दाखवलं.

ते करोनानंतरचं होतं. भाऊ करोनाच्या आधी दुबईला गेला, तो परतलाच नव्हता.

मी भांडण तिथंच सोडून बाहेर आलो. मायचं नाणं त्यानं पोचल्यावर रीतीप्रमाणं देऊन टाकलं असणार. हे इकडून नव्यानं गेलेल्या कुणाकडून तरी मागून घेतलेलं. आणि इमाम जामीन निघणाऱ्यालाच लागतो. म्हणजे त्याला घरी यायचं होतं.

घरी मायला सांगावं की नको, ठरवता येईना. सांगितलं तर दान आधीच फिटलेलं, नाणं बिनघोर तिचं होत होतं, पण तिच्या हातचं राहत नव्हतं. सांगितलं.

तिनं पट्टी मागितली, डोळ्यांशी नेली. एका बाजूचे टाके मी उसवले होते, दुसऱ्या बाजूचे तसेच होते.

"टाके त्याचेच. गुंडी अशीच लावायचा, लांब लांब." तिनं पट्टीची दोन्ही टोकं बोटांनी सरळ केली. त्यांना गाठीची सुरकुतीसुद्धा नव्हती. "शिवून ठिवलं. बांधायला कुणी नव्हतं त्याच्याजवळ."

मला कुणाशी तरी कडकडून भांडावंसं वाटलं. कुणाशी, ते कळेना.