उठताना किती खातं?

टेंभुर्णीच्या भर बाजारात मी एक फ्रिज, एक मिक्सर, एक टेबलफॅन आणि एक पाण्याचा पंप असे चौघे एकाच बटणावर बांधले, आणि चौघांसाठी दुकानातला सगळ्यात छोटा जनरेटर नेला. मूर्खपणा म्हणाल तर एवढाच. बाकी तयारी उत्तम होती. बटण तर मी लाल रंगाचं शोधून आणलं होतं.

पण सांगायचंय ते आक्काचं. माझा हा पराक्रम मध्ये घेतल्याशिवाय ती नीट सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आक्काचं मंडप आणि लायटिंगचं दुकान होतं. विणकराच्या घरातली बाई. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. नवरा गेल्यावर तिनं घरातले माग विकले आणि जनरेटर घेतले. वरातीला, लग्नाला, सुताराला, वेल्डिंगवाल्याला ती ते भाड्यानं देई. दुकानासमोर बाज टाकून बसलेली, तोंडात पान, आणि आवाज असा की मंडपाला वेगळा स्पीकर कशाला लावतात, हा प्रश्न पडावा.

कुणी जनरेटर मागायला आला की आक्का उजवा तळहात गुडघ्यापाशी धरायची, तिथून एकदम कपाळापर्यंत उचलायची आणि विचारायची, "उठताना किती खातं?"

नवखा माणूस गोंधळायचा. मग आक्का समजावायची. "दिवे गरीब असत्यात. पाटीवर लिवलंय तेवढंच खात्यात. ज्याच्या पोटात फिरणारं काय हाय, त्याचं मला सांग. ते चालताना थोडंच खातंय. उठताना मात्र तिप्पट, चौपट मागतंय. यंत्र त्या घासाला पुरलं पायजे."

एका सुताराला तिनं त्याची गोल करवत दुकानात उचलून आणायला लावली होती. करवत लावली, स्वतः डोळे मिटून जनरेटरचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "दम लागला याला. मोठं ने." सुतार म्हणाला, "आक्का, माझी बायको पण मला इतकं निरखून बघत न्हाय." आक्का म्हणाली, "तुझ्यात फिरणारं काय हाय का बघायला?"

मुलीला बघायला आलेल्या पोरालाही तिनं म्हणे आधी पोहे दिले नाहीत. "बसलेले सगळे बरेच दिसत्यात," म्हणून त्याला कोपऱ्यावरून सोड्याच्या बाटल्या आणायला पाठवलं. पोरगा उत्साहात उठला, म्हणून लग्न जमलं. मला हे खुद्द जावयानं सांगितलंय, त्यामुळे थोडं मीठमसाल्यासकट घ्या.

माझं दुकान तिच्या शेजारी. बल्ब, होल्डर, इस्त्र्या. मला स्वप्न पडलं होतं फ्रिजच्या एजन्सीचं. त्या वर्षांत आमच्या गल्लीत फ्रिज म्हणजे सिनेमात दिसणारी वस्तू. कंपनीचे साहेब पुण्याहून येणार होते आणि मी टेंभुर्णीच्या बाजारात प्रात्यक्षिक दाखवणार होतो. ते पटलं तर एजन्सी माझी, नाहीतर मी जन्मभर होल्डर विकणार. बायकोनं तर फ्रिजवर घालायचं झाकण विणायला घेतलं होतं.

मी चारी वस्तूंच्या पाट्यांवरचे वॉट मांडले, बेरीज केली आणि आक्काकडे छोटा जनरेटर मागितला. टेम्पोत फ्रिजशेजारी तोच मावत होता.

"पंप पण हाय? मग मोठं ने."

"आक्का, बेरीज येते मला."

"ती बसलेल्यांची बेरीज हाय. उठताना किती खातं?"

"बैल आहेत काय ते, उठायला?"

आक्कानं माझ्याकडे बघितलं, पान थुंकली आणि म्हणाली, "मीबी येते. मला करमाळ्याला देवीची ओटी भरायची हायच. आणि माझं यंत्र माझ्या डोळ्यासमोर राहील."

अशा रीतीनं आक्का ओटीची पिशवी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली आणि मी मागं फ्रिजला मिठी मारून टेंभुर्णीपर्यंत गेलो.

एसटी स्टँडजवळ टेबलं मांडली. मिक्सरमध्ये शेंगदाणे, लसूण, तिखट. गर्दी जमली. साहेब बाकावर बसले आणि म्हणाले, "पुण्याची गाडी आली की मी निघणार." मी छोटंसं भाषण केलं, "एक बटण दाबा आणि अख्खा संसार चालू" असं काहीतरी, आणि लाल बटण दाबलं.

पंख्यानं पाव फेरी मारली. मिक्सर थरथरला. जनरेटरनं म्हशीसारखा हंबरडा फोडला आणि गप्प झाला. अख्खा संसार बंद.

पुढंच बसलेला एक म्हातारा पागोटं सावरत म्हणाला, "बंद करायला बटन लई झ्याक केलंय की."

हसू पसरलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी बटण पुन्हा दाबावं की पळून जावं या विचारात होतो, तेवढ्यात टेम्पोतून आक्का उतरली.

"काय बघलालास? सगळ्यांच्या वायरी काढ."

काढल्या. तिनं जनरेटर सुरू करायला लावला, त्याच्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाली, "आता एकट्या फ्रिजला उठव." फ्रिज लागला. जनरेटरचा आवाज खोल गेला, अडखळला, वर आला. माझा हात मिक्सरकडे गेला. "थांब. त्याला बसू दे आधी." आवाज एकसारखा झाला, मग तिनं मान हलवली. मिक्सर. मग पंखा. तिन्ही चालू. शेंगा चटणीचा वास बाजारभर गेला, आणि साहेबांनी गाडी येऊन उभी राहिली तरी पिशवी उचलली नाही.

"आन् पंप?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला फ्रिजशी काय देणंघेणं. तो पंपासाठीच बसला होता.

"पंप ह्या यंत्रावर उठणार न्हाय," आक्का म्हणाली. "त्याला मोठं लागतंय. ते सोलापुरात हाय. ह्याला ने म्हटलं, ह्यानं आणलं न्हाय."

एवढ्या लोकांत असं बोलायचं? माझं काम जमत आलेलं होतं आणि छाती फुगलेली होती. आक्का एका बाईला चटणी चाखायला देत होती. मी हळूच पंपाची वायर लावली.

तिघांनाही बरोबर घेऊन जनरेटर बंद पडला.

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मग उठून माझ्या शेजारून गेले आणि आक्काला विचारलं, "बाई, तुमचं दुकान कुठंय?"

एजन्सी आक्काला मिळाली.

मी तिच्याशी बोलणं बंद केलं. माझ्या दुकानात बसून तिच्या दुकानाकडे पाठ केली, जी गोष्ट शेजारच्या दुकानात फार अवघड असते. शेवटी तीच आली. स्टूल ओढून बसली.

"मंडपाच्या बांबूत फ्रिज कुठं ठेवू मी? दुकान तुझं, एजन्सी माझी. बोलणं तुझं, इचारणं माझं."

मग तिनं न विचारताच सांगितलं. धाकट्या बहिणीच्या लग्नात तिचं पहिलंच यंत्र लावलं होतं. अक्षता पडायच्या वेळी कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली आणि मांडव काळोखात गेला. बहीण रडायला लागली, तिला वाटलं अपशकुन झाला. "तेव्हापासून इचारते. तू भांडलास तरी इचारणार."

बायकोनं विणलेलं झाकण अखेर आमच्याच दुकानातल्या फ्रिजवर पडलं. पुढं वर्षानुवर्षं आमचं तसंच चाललं. मी गिऱ्हाइकाला अर्धा तास बोलून तयार करायचो आणि आक्का एका प्रश्नात त्याला परत पाठवायची. "घरात आणखी काय काय चालतंय? मग हे नको. दुसरं घे." गिऱ्हाईक चिडून जायचं आणि महिन्याभरानं भावाला घेऊन यायचं. हे कसं व्हायचं ते मला अजून कळलेलं नाही. मी बोलणारा माणूस.

आक्का एका उन्हाळ्यात गेली. शोकसभा तिच्याच दुकानासमोर, तिच्याच मंडपात. भाषण अर्थात माझं. गर्दी मोठी, सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भाड्याचे सगळे कूलर आणि उभे पंखे लावले होते. मी उभा राहिलो, "आक्का" एवढं म्हणालो आणि वीज गेली.

वीज गेल्यावर आक्काच्या मंडपात काय करायचं, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? मी धावलो. हाताशी होता तो जनरेटर सुरू केला. माइक, पंखे, कूलर, सगळ्यांची बटणं वर केली.

तो हंबरडा मी लगेच ओळखला. टेंभुर्णीचाच होता.

माइकसकट सगळं बंद. बाजेवर, आक्काच्या जागेवर, तिची मुलगी बसली होती. रडून डोळे लाल झालेले. तिनं उजवा तळहात गुडघ्यापाशी नेला, अर्ध्यावर उचलला आणि तसाच खाली टेकवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"काका, आक्का असती तर आधी तुमची वायर काढली असती."